हे केंद्र कुणाचं, कुठलं?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या माध्यम-शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



विषयाचं नाव फळ्यावर लिहिल्याबरोबर तुमच्यातल्या काहीजणींनी एकमेकींकडे पाहिलं, ते मी बघितलं. 'कमी शक्तीच्या रेडिओ केंद्रांनी स्वतःची ओळख द्यायचे नियम.' इतकी कामं पडलेली असताना हे कुठलं काढलं! पण गेल्या वर्षभरात तीन-चार गटांनी मला विचारलं आहे की आपलं छोटं रेडिओ केंद्र काढता येईल का. आणि प्रत्येक ठिकाणी चर्चा एकाच जागी येऊन अडकली. मशीनवर अडकली नाही, पैशावरही नाही. "आमची नावं बाहेर जाणार का?" इथं अडकली. म्हणून म्हटलं, नावाबद्दल रेडिओचा कायदा काय म्हणतो ते एकदा नीट पाहू. त्यासाठी मी अमेरिकेतला नियम घेतला आहे. तिथं छोट्या केंद्रांसाठी वेगळा वर्ग आहे, नियम लेखी आहे, आणि तो कष्टकरी लोकांच्या केंद्रांना रोज पाळावा लागतो.

आधी छोटं म्हणजे किती ते सांगते. तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं, म्हणजे एफसीसीनं, जानेवारी 2000 मध्ये कमी शक्तीच्या एफएम केंद्रांचा वर्ग सुरू केला. जास्तीत जास्त 100 वॅट. जुना पिवळा दिवा असायचा ना घरात, तेवढी ताकद. 30 मीटर उंचीच्या अँटेनावरून आवाज साधारण साडेपाच किलोमीटरपर्यंत नीट ऐकू जातो. नफा कमावणाऱ्या कंपनीला हा परवाना मिळत नाही. संस्था, शाळा, संघटना यांनाच मिळतो, आणि तीही त्याच भागातली हवी: कचेरी जवळपास असावी, नाहीतर कार्यकारिणीतले तीन चतुर्थांश लोक तिथं राहणारे असावेत.

आता नियम. केंद्र सुरू करताना एकदा, बंद करताना एकदा, आणि मधल्या वेळात दर तासाला एकदा केंद्रानं आपली ओळख सांगायची. ओळख म्हणजे दोनच गोष्टी. सरकारदरबारी नोंदलेली अक्षरं, ज्याला कॉल साइन म्हणतात, आणि त्याला लागूनच परवान्यावरच्या गावाचं नाव. दोन्हींच्या मध्ये घालायचंच तर परवाना ज्याच्या नावावर आहे त्या संस्थेचं नाव किंवा केंद्राची कंपनसंख्या अशा मोजक्या गोष्टी चालतात. घोषवाक्य नाही, जाहिरात नाही, "तुमचं लाडकं केंद्र" नाही. ते आधी म्हणा, नंतर म्हणा, पण अक्षरं आणि गाव यांच्यामध्ये नको. कॉल साइन मिसिसिपी नदीच्या पूर्वेला डब्ल्यूनं सुरू होते, पश्चिमेला केनं. जुने काही अपवाद आहेत. आणि कमी शक्तीच्या एफएमला शेवटी 'एलपी' जोडावं लागतं. सगळं मिळून पाच-सहा सेकंदांचं काम.

एक उदाहरण घेऊ. फ्लोरिडात इमोकली नावाचं गाव आहे. टोमॅटोचं गाव. तिथं मेक्सिको, ग्वाटेमाला, हैती इथून आलेले शेतमजूर राहतात. 1993 मध्ये त्यांनी संघटना बांधायला सुरुवात केली, 'कोअलिशन ऑफ इमोकली वर्कर्स'. मजुरीची चोरी, मुकादमाची मारहाण, वेठबिगारी, आणि बायकांच्या बाबतीत शेतात होणारा लैंगिक छळ, हे त्यांचे प्रश्न. ऊसतोडीच्या टोळीत काम केलेल्या आपल्या मैत्रिणींना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. डिसेंबर 2003 मध्ये या संघटनेनं स्वतःचं केंद्र उभारलं. प्रोमिथिअस रेडिओ प्रोजेक्ट नावाच्या गटाच्या मदतीनं ठिकठिकाणचे लोक जमले आणि दोन-तीन दिवसांत स्टुडिओ, तारा, अँटेना सगळं उभं केलं. आपल्याकडे इर्जिक घालतात, तसं. केंद्राला लोक 'रेडिओ कॉन्सिएन्सिया' म्हणतात. पण कायद्यातलं नाव आहे डब्ल्यूसीआयडब्ल्यू-एलपी, इमोकली. अक्षरं नीट बघा: सी, आय, डब्ल्यू. संघटनेच्याच नावाची आद्याक्षरं. तिथं केंद्राला अक्षरं मागून घेता येतात, आणि मजुरांनी आपल्या संघटनेचं नाव मागून घेतलं. पश्चिमेकडे ऑरेगनमधल्या वुडबर्नला शेतमजुरांच्या 'पीसीयूएन' या युनियननं 2006 मध्ये असंच केंद्र काढलं, त्याची अक्षरं केपीसीएन-एलपी.

म्हणजे जो टोमॅटोचा मालक "तुमची युनियन-बिनियन मी मानत नाही" म्हणतो, त्याच्याही गाडीतल्या रेडिओवर दर तासाला युनियनचं नाव वाजतं, आणि तेही सरकारी नियमानुसार वाजवावंच लागतं! मला तर यात फार मजा वाटते.

हा नियम कुठून आला? रेडिओ सुरू झाला तेव्हा ज्याच्याकडे यंत्र असेल तो हवेत बोलत असे, आणि नावं ज्याची त्यानं घेतलेली. एकाचा आवाज दुसऱ्यावर चढायचा. तक्रार कुणाची करायची तेच कळायचं नाही. एप्रिल 1912 मध्ये टायटॅनिक बुडालं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेनं रेडिओचा कायदा केला: परवाना हवा, सरकारनं दिलेली अक्षरं हवीत. सुरुवातीची अक्षरं देशादेशांत वाटली गेली. भारतातल्या हौशी रेडिओवाल्यांची अक्षरं आजही 'व्हीयू'नं सुरू होतात, ती याच वाटपातली. थोडक्यात, मूळ हेतू बंदोबस्ताचा, पोलिसी. हे आपण विसरायचं नाही. राज्यसंस्था जेव्हा "नाव सांग" म्हणते तेव्हा ती कौतुकानं विचारत नसते.

पण त्याच नियमावलीत एक बारीक भेद आहे, आणि मला तो फार बोलका वाटतो. छोट्या प्रक्षेपकांचा आणखी एक प्रकार असतो, त्याला ट्रान्सलेटर म्हणतात. तो स्वतःचं काही बोलत नाही. दुसऱ्या केंद्राचा आवाज पकडतो आणि पुढं सोडतो. डोंगराआड, दरीत आवाज पोचवायला तो लागतो. त्याच्या ओळखीचा नियम वेगळा आहे. मूळ केंद्रानं दिवसातून तीनदा त्याचं नाव घेतलं तरी चालतं, नाहीतर यंत्रानं तासाला एकदा मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये ते टाकलं तरी चालतं. ऐकणाऱ्या माणसाला ते कळायची गरज नाही. तपासनिसाला कळलं की झालं. आणि त्याचं नाव तरी काय? एक अक्षर, तीन आकडे, दोन अक्षरं. कोठडीतल्या कैद्याच्या नंबरासारखं. जो दुसऱ्याचा आवाज पुढं ढकलतो त्याला नंबर पुरतो. जो स्वतः बोलतो त्याला नाव आणि गाव सांगावं लागतं. कितीतरी महिला मंडळं मी पाहिली आहेत जी वर्षानुवर्षं वरून आलेली पत्रकं वाचून दाखवण्याचं काम करतात. असो.

आता नावाची किंमत काय पडते तेही सांगायला हवं. इलिनॉय राज्यात स्प्रिंगफील्ड शहरात जॉन हे होम्स नावाची सरकारी घरांची वस्ती होती, काळ्या गरिबांची. तिथं एम्बाना कान्टाको हे अंध गृहस्थ आपल्या बायको-मुलांसह राहत. 1980 च्या दशकात त्यांनी घरातूनच एका वॅटच्या आसपासच्या ताकदीचं केंद्र सुरू केलं. पोलिसांचा जाच, भाडेकरूंचे हक्क, वस्तीतली गाणी. परवाना नव्हता, आणि काढायचा म्हटला तरी मिळाला नसता, कारण 1978 पासून एफसीसीनं 100 वॅटच्या खालच्या नव्या केंद्रांना परवाने देणं बंद केलं होतं. म्हणजे नियम सांगतो, नाव नोंदवा. आणि नोंदवायला गेलात तर गरिबांसाठी वहीत पानच नाही! शेवटी त्यांनी स्वतःच अक्षरं घेतली: डब्ल्यूटीआरए. टीआरए म्हणजे टेनन्ट्स राइट्स असोसिएशन, भाडेकरू हक्क संघटना. सरकारनं दिली नाही ती ओळख लोकांनी घेतली. 1989 मध्ये एफसीसीनं बंदचा हुकूम काढला, 750 डॉलर दंड केला. थोडे दिवस बंद ठेवून त्यांनी उघडपणे पुन्हा सुरू केलं. त्यांच्यामागोमाग देशभर अशी केंद्रं निघाली. त्या चळवळीच्या दबावातूनच 2000 चा तो कमी शक्तीचा वर्ग आला. पण त्याच वर्षी तिथल्या संसदेनं कायदा करून ज्यांनी विनापरवाना प्रक्षेपण केलं होतं त्यांना या परवान्यातून वगळून टाकलं. रस्ता ज्यांनी पाडला त्यांनाच रस्त्यावर बंदी. शिवाय तोच कायदा मोठ्या शहरांत छोट्या केंद्रांना जागा मिळू नये अशा अंतराच्या अटी घालणारा होता. त्या अटी सैल व्हायला जानेवारी 2011 उजाडला. आणि 2020 मध्ये विनापरवाना केंद्राला दिवसाला एक लाख डॉलरपर्यंत दंड करायची तरतूद झाली.

हे एवढ्यासाठी सांगितलं की "ओळख सांगणं चांगलं" असं सरसकट म्हणता येत नाही. ज्याला नोंदणीचा हक्क आहे त्याच्यासाठी ओळख हे बळ आहे. ज्याला तो हक्कच नाकारला आहे त्याच्यासाठी तीच ओळख पुरावा ठरते, त्याच्याविरुद्धचा.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. "आमची नावं बाहेर जाणार का?"

नियम परत एकदा डोळ्यांसमोर आणा. नाव कुणाचं सांगायचं? केंद्राचं. गाव कुणाचं? केंद्राचं. माइकसमोर बसलेल्या बाईचं नाव सांगा असं त्या कलमात कुठंही नाही. या एका गोष्टीनं सगळं चित्र बदलतं. शेतातला मुकादम अंगाला हात लावतो, हे सांगणारी बाई नाव न सांगता बोलू शकते. तिच्या बोलण्याची जबाबदारी कुणाची? जिची अक्षरं दर तासाला वाजतात त्या संघटनेची. मालकाला राग आला, वकिलाची नोटीस आली, तर ती संघटनेच्या कचेरीत येईल. त्या बाईच्या खोलीवर येणार नाही. संघटना आपलं नाव पुढं करते आणि बाई तिच्या मागं उभी राहून बोलते. आपण मोर्चात बॅनर धरतो तेव्हा तरी काय करतो?

मी समुपदेशन केंद्रात काम करते. तिथं रोज ऐकते, "ताई, सांगते सगळं, पण माझं नाव नका लिहू." पूर्वी मला वाटायचं ही भीती आहे, ती घालवायला हवी. आता वाटतं की तो हिशेब आहे आणि बहुतेक वेळा बरोबर असतो. त्या बाईला त्याच घरात, त्याच गल्लीत परत जायचं असतं. आपल्याकडे बाईचं नाव तसंही तिच्या हातात कुठं असतं? लग्नात नाव बदललं, मग अमक्याची बायको, मग तमक्याची आई. अलीकडे, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं केला, तेव्हा कुठं कागदावर ते दिसायला लागणार. अशा बाईला "धीट हो, रेडिओवर नाव सांग" हे सांगणं सोपं आहे, पण परिणाम भोगायला आपण तिच्या घरी नसतो. नाव सांगायचं की नाही हे तिनं ठरवावं. केंद्रानं मात्र स्वतःचं नाव लपवायचं नाही.

नियमात आणखी एक शब्द आहे ज्यावर मी अडून बसणार आहे. ओळख तासाच्या जवळात जवळ द्यायची, पण कार्यक्रमात स्वाभाविक विराम येईल तिथं. म्हणजे घड्याळात बारा वाजले म्हणून बोलणाऱ्या बाईला मध्येच तोडायचं नाही. तिचं वाक्य संपू दे, तिला डोळे पुसू दे, मग नाव सांगा. एवढी समज कायद्यात आहे. आपल्या सभांमधल्या सूत्रसंचालकांत कधीकधी नसते!

याच्या उलट टोक कुठलं? निनावी आवाज. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप फोनाफोनीतून फिरत होते. कुणी पाठवले, कुठल्या गावाहून, काही पत्ता नाही. मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी लोकांनी ठेचून मारले. त्या निरोपांना कुणी धनी नव्हता. "हे कोण बोलतंय आणि कुठून" एवढं जरी त्यात असतं, तर कुणीतरी उलटा फोन करून विचारलं असतं. बोलणारीचं नाव लपवणं आणि बोलण्याला धनीच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गटात चर्चा होते तेव्हा या दोन्हींची सरमिसळ होते, ती थांबवू या.

आपल्या देशात हे सगळं उशिरा आलं. फेब्रुवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या निकालाचे एक लेखक न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपल्या महाराष्ट्रातले. तरी संस्था-संघटनांना सामुदायिक रेडिओ काढायची मुभा मिळायला नोव्हेंबर 2006 यावा लागला. ताकदीची मर्यादा साधारण तीच: 100 वॅट, 30 मीटर. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागानं तयार व्हायला हवेत, आणि स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत ही जाचक अट.

तेलंगणात, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात, पस्तापूरच्या परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायकांचे संघम आहेत. त्यांच्याकडे रेकॉर्डिंगची सोय परवान्याच्या कितीतरी आधीपासून होती. प्रक्षेपण करता येत नव्हतं, म्हणून त्या कॅसेट भरायच्या आणि संघमच्या बैठकीत वाजवायच्या. 15 ऑक्टोबर 2008 ला त्यांचं 'संघम रेडिओ' सुरू झालं आणि उद्‌घाटनाला आले तेच न्यायमूर्ती सावंत. नाव काय ठेवलं बघा: संघम. कुणा देणगीदाराचं नाव नाही, कुणा पुढाऱ्याच्या आईचंही नाही. ज्या बायका बियाणं राखतात आणि बैठकीत बसतात, त्यांच्या बैठकीचं नाव. आपल्याकडे साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. तिच्या नावातच मुलूख आहे.

पण सगळीकडे असं नाही. सामुदायिक म्हणवणाऱ्या काही केंद्रांची ओळख मी ऐकली आहे. आधी संस्थापकांचं नाव, मग ट्रस्टचं, मग कॉलेजचं, मग घोषवाक्य. गाव शेवटपर्यंत येत नाही, आणि कार्यक्रम करणाऱ्या बायका तर कुठंच नाहीत. 2006 च्या धोरणात परवाना मागणारी संस्था नोंदणीकृत आणि किमान तीन वर्षं काम केलेली असावी लागते. साहजिकच वस्तीतला बचत गट स्वतः जाऊ शकत नाही, मोठ्या संस्थेच्या नावावर जातो. तिथं सौदा आधी करायचा. परवाना तुमच्या नावावर, ठीक. पण दर तासाला वाजणारी ओळख काय असेल ते आमच्या बैठकीत ठरेल. हे लेखी घ्या. नंतर मागायला गेलात तर "एवढ्याशा वाक्यासाठी काय भांडता?" असं म्हणतील. एवढंसं वाक्य आहे, पण केंद्र दिवसाला दहा तास चाललं तर वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक वेळा वाजतं. गावातली लहान मुलं ते पाठ म्हणायला लागतात. आकाशवाणीच्या केंद्रांची नावं आपल्या पिढीला अशीच पाठ झाली.

दुसरं, गावाचं नाव. यावर भांडणं होणार हे धरून चाला. केंद्र गावठाणात, बोलणाऱ्या बायका वाडी-वस्तीवरच्या, तांड्यावरच्या. ओळखीत फक्त गावठाणाचं नाव आलं की वस्ती पुन्हा पुसली जाते. अमेरिकेच्या नियमात परवान्यावरचं गाव आधी सांगितलं की पुढं ज्यांना ऐकू जातं त्या इतर गावांची नावं जोडता येतात. आपणही आळीपाळीनं एकेका वस्तीचं नाव जोडावं.

तिसरं, वाचायचं कुणी? ठरलेल्या गोड आवाजाच्या मुलीनं नको. इमोकलीत स्पॅनिश आहे, हैतीची क्रिओल आहे, ग्वाटेमालातल्या आदिवासींच्या भाषा आहेत. आपल्याकडे भिली आहे, गोरमाटी आहे, कोरकू आहे. केंद्राचं नाव तेच राहू दे, पण सकाळी एकीनं सांगावं, दुपारी दुसरीनं, आपापल्या हेलात.

आता चहा घेऊ. त्यानंतर पाच-पाचजणींचे गट करून बसायचं आहे. प्रत्येक गटानं आपल्या न निघालेल्या केंद्राची ओळख लिहायची: केंद्राचं नाव, गाव, आणि परवाना कुणाच्या नावावर. दहा सेकंदांच्या वर नको. ती मोठ्यानं वाचून दाखवायची आणि बाकीच्यांनी तीन प्रश्न विचारायचे. नोटीस आली तर कुणाच्या दारात येईल? या वाक्यात न आलेली वस्ती कुठली? आणि निनावी बोललेल्या बाईचं नाव केंद्रात कुठं लिहून ठेवलं आहे, ते कपाट कुणाच्या ताब्यात आहे? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ लागेल, म्हणून तो आधी घेतलात तरी चालेल.